पोटरी म्हणजे गुडघा नव्हे

आमच्या भुईगावातल्या घरापासून आमची फुलांची वाडी काही फार लांब नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून ती वाट मी चालते आहे. कधी डोक्यावर केळीचं पान टाकलेली फुलांची टोपली, कधी कडेवर मूल, कधी दोन्ही. त्या वाटेवर मला थांबावं लागेल असं कधी मनात आलं नव्हतं. साठी ओलांडली आणि एका हिवाळ्यात अर्ध्या वाटेवर डावी पोटरी आवळून यायला लागली. पेटका येतो तसं नाही. धुतलेली चादर दोघींनी दोन टोकांना धरून पिळावी, तसं. उभी राहिले की हळूहळू सुटायची. पुन्हा चालायला लागले की तेवढंच अंतर गेल्यावर पुन्हा पिळायला सुरुवात.

आता गावातल्या गल्लीत बाई नुसती मधेच उभी राहिली तर लोक काय म्हणतील? म्हणून मी लोकांच्या फाटकाशी थांबायला लागले. वाटेत एका ख्रिस्ती शेजारणीचं घर आहे. तिच्या अंगणात रंगीत पानांच्या कुंड्या आहेत. मी तिथे थांबून कुंड्या बघायची, पपई लागली का, सून माहेराहून आली का, असं काहीबाही विचारायची. पोटरी सुटली की निघायची. तिला वाटलं मला कुंड्यांचा सोस आहे. एकदा तिने दोन फांद्या कापून माझ्या हातात दिल्या. मी त्या घरी आणून लावल्यासुद्धा, दुसरं काय करणार?

गावात मात्र वेगळंच पसरलं. हिला वाडीत पोचायला ऊन डोक्यावर येतं, कारण ही दारोदार गप्पा मारत जाते. माझ्या नवऱ्याने तेच उचललं.

"वाडीला निघालीस की गप्पांना?" हे विचारायचे.

"पोटरी दुखते म्हणून थांबते," मी म्हणायची.

"मग शेजारणीशी बोललं की बरी होते का पोटरी?"

इथे एक सांगून टाकते. आमच्या घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती इथे लिहिली तर बाहेरच्यांना निम्मी कळणार नाही, म्हणून झालेलं बोलणं सरळ मराठीत लिहिते आहे. त्यात तिखट थोडं कमी झालंय. तेवढं वाचणाऱ्याने आपापलं घालून घ्यावं.

आमचे नेहमीचे डॉक्टर वसई गावात बसतात. माझी मुलगी लहान असल्यापासून आम्ही त्यांच्याकडेच जातो. त्यांना मी पहिल्याच खेपेला सगळं सांगितलं. अमुक एवढं चाललं की पोटरी आवळते, थांबलं की सुटते, चाललं की पुन्हा आवळते. डावा पाय उजव्यापेक्षा गार लागतो. डाव्या पायाची नखं वाढतच नाहीत.

ते माझा रक्तदाब बघत होते. हसले आणि म्हणाले, "थांबलं की जातं ना? मग थांबायचं."

बरोबर आलेले हे पण हसले. मग डॉक्टर यांच्याकडे वळून म्हणाले, "वय झालं आता. वजन कमी करायला सांगा. रोज चालायला सांगा."

माझं वय, माझं वजन, माझं चालणं, आणि सांगायचं यांना! मी समोर स्टुलावर बसले होते. पण मला सांगून उपयोग नाही असं दोघांनी आपसात ठरवलेलं असावं. कॅल्शियमच्या गोळ्या आणि चोळायला मलम घेऊन आम्ही घरी आलो.

पुढे मला कळलं, की मी त्या दिवशी जे बोलले तेच या रोगाचं पहिलं आणि मुख्य लक्षण. डॉक्टर होणाऱ्या मुलांना ते अगदी सुरुवातीला शिकवतात म्हणे. म्हणजे रोगाचं नाव तेवढं सोडून सगळं मी त्यांना आयतं हातात ठेवलं होतं. ते घेतलं नाही. याचा मला जितका राग येतो तितका पुढच्या कशाचाही येत नाही, आणि पुढे राग येण्यासारखं पुष्कळ घडलं.

सांगितलं म्हणून मी चालायला लागले. संध्याकाळी समुद्राकडे जायचे. सुरूच्या झाडांपर्यंत पोचेपर्यंत दोनदा बसायला लागायचं. बाजूने गावातल्या बाया झपझप पुढे जायच्या आणि परत येताना मला त्याच ओंडक्यावर बसलेली बघायच्या. "काय, हवा खायला आलात वाटतं?" असं एकीने विचारलं. मी हो म्हणाले. किती जणींना पोटरी समजावून सांगणार?

माझी मुलगी जूचंद्रला नव्या इमारतीत राहते. जावई आणि ती दोघंही नोकरी करतात. रविवारी आली की माझ्या ताटाकडे बघायची. "आई, भात कमी कर. तू नुसती बसून असतेस." ती प्रेमाने म्हणायची हे मला समजतं. पण जी बाई पहाटे उठून शिडीवर चढून सोनचाफा काढते, तिला बसून असतेस म्हणायचं? त्या रविवारी मी मुद्दाम तिच्यासमोर दुसऱ्यांदा भात घेतला.

वर्षभराने तिनेच हट्ट धरला, मोठ्या डॉक्टरांना दाखवू. स्टेशनकडच्या बाजूला हाडांचं एक नवं इस्पितळ झालं होतं. काचेचे दरवाजे, आत गारवा, भिंतीवर धावणाऱ्या आजीआजोबांचे फोटो. आत जाण्याआधीच दोन्ही गुडघ्यांचे एक्सरे काढून घेतले. मी एक्सरे काढणाऱ्या पोरीला म्हटलं, "बाई, मला पोटरी दुखते." ती म्हणाली, "हो काकू, गुडघा सरळ ठेवा."

सर्जन तरुण होते, बोलायला गोड. एक्सरे दिव्यावर लावून त्यांनी हे आणि मुलगी या दोघांना दाखवला. गादी झिजली आहे, हाड हाडावर घासतंय, दोन्ही गुडघे बदलायला लागतील. मला मधे कुठे बोलायची जागाच मिळेना. शेवटी मी मोठ्याने म्हटलं, "माझा गुडघा दुखत नाही. मी मांडी घालून बसते, जिना चढते. दुखते ती पोटरी."

"दुखणं खाली उतरतं, काकू."

"मग थांबल्यावर वर चढतं का?"

मुलीने माझ्या हातावर हात ठेवला. सर्जन हसले. आजवर या पायावर जो तो हसलाच होता. मग त्यांनी यांना विचारलं, "यांना काही व्यसन? सिगारेट वगैरे?" आणि स्वतःच म्हणाले, "नसेलच म्हणा." हे म्हणाले, "छे, छे."

मी लहानपणापासून मशेरी लावते. सकाळी तंबाखू तव्यावर भाजून केलेली मशेरी हिरड्यांना लावल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे. ओटीवर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर लावायची. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण मशेरीचं विचारलंच नाही कुणी. सिगारेटचं विचारलं, तेही नवऱ्याला.

ऑपरेशन पावसाळ्यानंतर करायचं ठरलं. पाय संध्याकाळी जड होतात असं मुलगी म्हणाली म्हणून तोवर घालायला घट्ट लवचीक मोजे दिले. ते चढवायला मला यांची मदत लागायची. दोन तासांत डावा पाय बधिर व्हायचा, बोटं पांढरी पडायची, आणि मोजा काढला की आग. इस्पितळात फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, "सवय होईल काकू, काढू नका." मी आठवडाभर सवय होण्याची वाट बघितली. मग डाव्या करंगळीच्या बाजूला मोजा घासून लहानसा फोड आला आणि फुटला. त्या दिवशी मी मोजे काढले ते परत घातलेच नाहीत. फोड मात्र भरेना. हळद लावली, मलम लावलं, कोरडा ठेवला. तो आहे तसाच, उलट कडेने काळसर व्हायला लागला.

"ऑपरेशनला घाबरते ती," हे लोकांना सांगायचे. "म्हणून रोज नवीन काहीतरी काढते."

घाबरण्यासारखं होतंच. पण मला खरी भीती गुडघ्याची नव्हती. सगळे मिळून माझ्या न दुखणाऱ्या जागेवर सुरी चालवणार आणि दुखतं तिथे तसंच दुखत राहणार, याची होती. हे मी यांना म्हटलं. मुलीला म्हटलं. दोघांचं उत्तर एकच, डॉक्टर इतके शिकलेत ते काय उगाच? रोजच्या त्या बोलण्याला मी कंटाळले. भित्री म्हणवून घेण्यापेक्षा गुडघे देऊन टाकावेत असं वाटायला लागलं. माणूस असाही हो म्हणतो.

दिवाळी झाल्यावर मला दाखल केलं. हिरवा झगा घालून पलंगावर बसले होते. तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीण बाई तपासायला आल्या. माझ्या मुलीच्याच वयाच्या असतील. हे खुर्चीवर होते. बाईंनी फाईल चाळली, बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही सांगा. काय त्रास होतो?"

हे म्हणाले, "गुडघे..."

"त्यांना बोलू द्या," बाई म्हणाल्या.

मी बोलले. पोटरी, वाट, थांबणं, शेजारणीच्या कुंड्या, मोजे, फोड, सगळं. त्यांनी मधे एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. सांगून झाल्यावर त्या उठल्या आणि माझा डावा पाय त्यांनी हातात घेतला. पायाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून गप्प उभ्या राहिल्या. मग घोट्याच्या मागे. मग गुडघ्याच्या मागे. मग उजवा पाय. मग पुन्हा डावा. करंगळीचा फोड त्यांनी वाकून बघितला.

"हा कधीपासून आहे?"

"गणपतीच्या आधीपासून."

"कुणाला दाखवला होता?"

"दाखवायला कुणी पाय बघितलाच नाही."

त्या म्हणाल्या, "मला या पायात नाडी लागत नाहीये. पायाकडे येणारं रक्त कुठेतरी अडतंय असं वाटतं. ते तपासल्याशिवाय मी तुम्हाला भूल देणार नाही."

हे खुर्चीवरून उठले. "म्हणजे ऑपरेशन?"

"आज नाही."

सर्जनना बोलावलं. ते आले, दोघांचं इंग्रजीत बोलणं सुरू झालं. माझ्या पायावरून, माझ्या पायापाशी उभं राहून. मला इंग्रजी फार येत नाही, पण आवाज चढला की भाषा लागत नाही. मग बहुधा मला धीर द्यावा म्हणून सर्जन मराठीत म्हणाले, "काही नाही हो, काकूंचे पाय जरा जाड आहेत. नाडी पटकन लागत नाही."

इतकी वर्षं साठलेलं एकदम वर आलं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "या जाड पायाला तुम्ही कधी हात लावलात?"

"काकू, एक्सरे बघितला ना आपण."

"तो गुडघ्याचा होता. मी पहिल्या दिवशी सांगितलं, पोटरी दुखते. तुमच्या एक्सरेवालीला सांगितलं, तुम्हाला सांगितलं. पोटरी म्हणजे गुडघा नव्हे. हे कळायला शिकावं लागतं का?"

"अगं, हळू," हे म्हणाले.

"आता हळू नाही," मी म्हटलं. "आणि तुम्हीही ऐका. गप्पा मारायला थांबत नव्हते मी."

डॉक्टरीण बाईंनी माझा पाय अजून हातात धरला होता. त्यांनी तो अलगद खाली ठेवला आणि चादर ओढली. मुलगी ऑफिसमधून निघून येईपर्यंत मी झगा काढून माझी साडी नेसून बसले होते.

रक्तवाहिन्यांचा डॉक्टर म्हणून वेगळा असतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं. विरारपासून नायगावपर्यंत दर चौकात एक इस्पितळ आहे, प्रत्येक नव्या इमारतीखाली औषधाचं दुकान आहे, पण तसा डॉक्टर आम्हाला जवळपास सापडला नाही. निदान आम्ही ज्यांना ज्यांना विचारलं त्यांना माहीत नव्हता. मुलीने रजा टाकली, गाडी केली आणि आम्ही मुंबईला गेलो. खाडीवरच्या वर्सोव्याच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. मी मागे पाय लांब करून बसले होते. पुढून यांनी दोनदा विचारलं, "दुखतंय का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला त्यांनी पहिल्यांदा विचारला.

तिथे दंडावर लावतात तसाच पट्टा घोट्यावर लावून दाब मोजला. दंडाच्या मानाने डाव्या घोट्याचा दाब निम्माही नव्हता. मग सोनोग्राफीसारखी तपासणी, मग शिरेत औषध सोडून फोटो. मांडीतली मोठी धमनी एका जागी जवळजवळ बंद झालेली होती.

ते डॉक्टर वयस्क होते आणि हुशार होते, हे मी नाकारत नाही. पण रिपोर्ट बघून ते मला पहिलं वाक्य काय बोलले? "इतका उशीर का केलात? इतके दिवस काय करत होतात?"

मुलगी काही बोलायला गेली, तिला मी थांबवलं.

"डॉक्टरसाहेब, मी सांगत होते," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून सांगत होते. उशीर ऐकणाऱ्यांनी केला."

ते जरा वरमले. मग नीट बोलले. विचारलं, "तंबाखू?" हे नाही म्हणणार तेवढ्यात त्यांनी मलाच पुन्हा विचारलं, "खाणं, मशेरी, काही?"

"मशेरी. लहानपणापासून."

"अगं, पण तू कधी..." हे म्हणाले.

"घरात रोज भाजते, तो वास काय उदबत्तीचा असतो?"

मशेरी त्या दिवशी सुटली. सुटली म्हणजे सोडायला लागली, आणि ते पायापेक्षा जड गेलं, पण तो विषय वेगळा. डॉक्टर म्हणाले, या पायावर गुडघ्याचं ऑपरेशन झालं असतं तर जखम भरली नसती, कदाचित पायच गमावायची वेळ आली असती. "बरं झालं त्यांनी थांबवलं," ते म्हणाले. मुलगी रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला त्या काचेच्या दरवाज्यांवर दगड मारावासा वाटत होता.

पुढचं चांगलं झालं. जांघेतून तार घालून फुग्याने धमनी उघडली. मी जागी होते. कोणीतरी गाणी लावली होती, मला ती आवडली नाहीत, तेही मी सांगितलं आणि त्यांनी बंद केली. बाहेर आणल्यावर मुलीने चादरीखाली हात घालून माझं पाऊल धरलं. "आई, गरम आहे गं," एवढंच म्हणाली आणि बराच वेळ ते धरून बसली. तिच्यावरचा माझा राग तिथेच गेला. आई-मुलीचा राग तसाही फार टिकत नाही.

करंगळीचं टोक मात्र गेलं. तेवढा भाग मेलेला होता, काढावाच लागला. भेटायला आलेले सगळे म्हणाले, "थोडक्यात निभावलं. एवढंसं तर टोक." मी त्यांना विचारायची, तुमचं एवढंसं कापून देता का? चहा पीत असलेली माणसं मग चहाकडे बघायची. ते टोक मोज्याने घासून गेलं, आणि तो मोजा मला डॉक्टरांनी घालायला लावला होता. चप्पल घालताना रोज दिसतं. थोडक्यात निभावलं ते त्यांचं.

काचेच्या इस्पितळात मी परत गेले नाही. मुलगी भांडायला जाणार होती. गेलीही. सर्जन तिला म्हणाले, "काकू बऱ्या झाल्या ना? मग झालं तर." त्या भूल देणाऱ्या बाई आता तिथे येत नाहीत असं तिला कळलं. का येत नाहीत ते कुणी सांगितलं नाही. मी मनात काय समजायचं ते समजले. त्यांना सोनचाफा द्यायचा राहून गेला.

हे आता लग्नाकार्यात भेटेल त्याला सांगतात, "मला पहिल्यापासून शंका होती, हे गुडघ्याचं नाही." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भरल्या पंक्तीत म्हटलं, "कुठली शंका? गप्पांची?" आता मी जवळ असले की ते ही गोष्ट काढत नाहीत. घरात मात्र ते पायाला तेल लावून देतात, नखं कापून देतात, जखम नाही ना ते उजेडात बघतात. करू देत. मी आभार मानत नाही.

रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी मला वसई गावातल्या त्या जुन्या डॉक्टरांकडे जावंच लागतं. पहिल्यांदा गेले तेव्हा मुलगी बरोबर होती. त्यांनी मुंबईचे रिपोर्ट उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "हे तुम्ही मला आधी नीट सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं."

"तुम्ही पाय दुखतो एवढंच म्हणाला होतात."

मग मी त्यांना, मी काय म्हणाले होते आणि ते काय म्हणाले होते, हे सगळं जसंच्या तसं ऐकवलं. नखांचं ऐकवलं. हसण्याचंही ऐकवलं. ते खाली बघून कागदाची कड दुमडत बसले. चुकलं असं म्हणाले नाहीत. मग मुलीला विचारलं, "आईंना आता झोप लागते का नीट?"

"मला विचारा," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं. मी सांगायला लागले. झोपेचं, उजव्या पायाचं, कारण त्यातही धमनी थोडी अरुंद झाली आहे आणि त्यावर लक्ष ठेवायचंय, चालताना आता कुठपर्यंत जाते त्याचं, मशेरीविना हिरड्या कशा शिवशिवतात त्याचं. ते लिहायला गेले की मी थांबायची, म्हणून त्यांनी पेन खाली ठेवलं. बाहेर पेशंट खोळंबले होते, कंपाउंडरने दोनदा दार उघडून आत डोकावलं. माझं अजून संपलं नव्हतं.